परशुरामाचा दोर

४ नोव्हेंबर, आचरा

पोचले एकदाची. कणकवलीला गाडीतून उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. पण रिक्षा आचऱ्याकडे वळली, माडांच्या मधून खाडी दिसली आणि मी चक्क एकटीच हसले. रिक्षावाल्यानं विचारलं, पहिल्यांदाच इलात? हो म्हटलं. तसं पाहिलं तर दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी आईच्या पोटात होते.

उतरलेय जहिराभाभींकडे. माझ्याच वयाच्या असतील. समुद्राला लागून घर, पाहुण्यांसाठी दोन खोल्या. आल्या आल्या गरम घावणे आणि चहा. त्यांचे सासरे रहमतुल्लाचाचा पडवीत बसून असतात. पूर्वी ते किनाऱ्यावर मासळी विकत घ्यायचे.

मी दत्तक आहे हे लहानपणापासून ठाऊक होतं. नाशिकच्या आईबाबांनी काही कमी केलं नाही. आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती, श्रावणात गेली. जाण्याआधी म्हणाली, तुला जन्म देणारी आचऱ्याची सावित्री, आता हयात नाही; तिच्या वडलांचं नाव परशुराम. एवढंच. म्हणून शाळेतून रजा काढून आलेय. हा आजोबा कसा दिसायचा, काय करायचा, तेवढं कळलं तरी पुरे. खूप दमलेय, पण बरं वाटतंय.

५ नोव्हेंबर

परशुराम रापणकार होते, भाभी म्हणाल्या. मग सकाळी रापण बघायला गेले. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडते, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगांत उभी राहून ओढतात. एक मावशी म्हणाली, ये गो, धर. मीही धरला. काथ्याचा ओला, खरखरीत दोर. सगळे हसत होते. कुणाची तू, असं तिनं विचारलं. सावित्रीची मुलगी, परशुरामाची नात, असं सांगितलं.

हसणं थांबलं. एका म्हाताऱ्यानं माझी बोटं दोरावरून एकेक सोडवली आणि मला बाजूला उभं राहायला सांगितलं. अगदी नम्रपणे. माझ्या तोंडाकडे मात्र त्यानं पाहिलं नाही, हातांकडे पाहत होता.

७ नोव्हेंबर

खांदे भरून आलेत. ते ठीक आहे, सवय नाही. पण तळहातांवर तिरपे वळ उठलेत आणि ते रोज जास्त लाल होताहेत. दोर मी जेमतेम चहा पिण्याएवढा वेळ धरला होता.

दुपारी जेवून आडवी झाले तर उजवा हात आपोआप खिडकीकडे ताणला गेला. कुणीतरी पलीकडून हळूच ओढून बघावं तसा. झोपून उठले तरी शीण तोच. आईच्या उशाशी बसून असायचा तसला.

८ नोव्हेंबर

भाभींना हात दाखवले. त्या मला लगेच चाचांकडे घेऊन गेल्या. चाचांनी वळांवरून अंगठा फिरवला आणि सांगायला लागले.

परशुरामाच्या शेवटच्या रापणीला, त्या दुपारी, जाळं फार जड लागलं. मोठी मासळी आली म्हणून सगळे खूश. मग दोर उलटा जायला लागला. माणसं पाण्यात खेचली जाऊ लागली. चाचा टोपलीपाशी उभे राहून बघत होते.

"सगळ्यांनी दोर सोडल्यानी. परशुरामान सोडूक नाय. तो अजून धरून आसा."

जाळं दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं, रिकामं. पुढे परशुरामाचा मुलगा भिकाजी हात ओढतात म्हणायला लागला आणि एका दुपारी चालत पाण्यात गेला. मग सावित्रीचे हात दुखायला लागले. ती पोटुशी होती. कोल्हापूरला गेली, बाळंत झाली आणि एकटीच परत आली. पोराला इथलं नाव नको, असं चाचांच्या बायकोला म्हणाली. नंतर तीही पाण्यात गेली. भरदुपारी, सगळ्यांच्या देखत.

पलीकडच्या टोकाला काय आहे, मी विचारलं.

"ता कोणाक ठावक? पण दमलो असतलो गो तो. आपल्या माणसांकच हाक मारतलो."

१० नोव्हेंबर

निघाले होते. रिक्षात प्रत्येक वळणावर हात मागे ताणला जात होता. कणकवलीच्या फलाटावर उजवा हात सरळ आडवा, समुद्राच्या दिशेला. लोक बघत होते. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. गाडी आली. मी पायरीवर पाय ठेवू शकले नाही.

परत फिरले. समुद्र दिसला तशी कळ उतरली. भाभींनी अंथरूण घातलं. रडत होत्या.

११ नोव्हेंबर

झोप नाही. घास उचलवत नाही.

आईच्या आजारपणात माणसं यायची, सफरचंदं ठेवायची, निघून जायची. तू जरा पड, मी बसतो, असं कुणी म्हटलं नाही. एकदाही नाही. आजोबाला दुसरं काय हवं असणार? घटकाभर कुणीतरी धरायला हवंय.

आणि तिथे माझी तिन्ही माणसं आहेत. एकाच दोराला. मी त्यांनाच शोधत आले ना —

भाभी नको म्हणतात. उद्या दुपारी जाणार.

१२ नोव्हेंबर, दुपार

डाव्या हातानं लिहितेय.

घेतला. गुडघाभर पाण्यात उभी राहिले, मूठ मिटली — आणि होता. दिसत नाही, पण मुठीत भरतो. कळ तत्क्षणी थांबली. मला आत ओढलं नाही. चालत पडवीत आले. दोर हातातच.

माझ्या पुढे ते आहेत. दोरातून कळतं. सगळ्यांत पुढे एक मूठ, दगडासारखी. मग थरथरणारी, भिकाजीमामाची. आणि अगदी माझ्याजवळ एक लहान हात. मी आई म्हटलं. दोर जरा हलला.

चौघं आहोत आता. हलकं वाटतंय.

—

पुढची मूठ सुटली.

जड झालं एकदम. आजोबा, आत्ताच नका — मी आत्ता तर —

मामाही. वाट बघत होते सगळे. कुणीतरी येण्याची. सोडता यावं म्हणून —

खुर्ची सरकतेय. भाभींनी कमरेला मिठी घातलीय. चाचा ओरडताहेत, सोड गो, सोड. माझी मूठ उघडतच नाही.

आई आहे अजून. आई आहे. तिचं एक बोट उचललं गेलं. दुसरं —

दमलीय ती. मला कळतं, आई, दमणं कळतं मला, पण थोडा वेळ, मी अनुजा, तुझी, या वेळी तरी सोडू न—