सेकंदकाट्याचं घड्याळ

प्रिय सुगंधाआत्या,

नर्सिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा तू मला तुझं ड्युटीचं घड्याळ दिलंस. "मोबाईलमध्ये सगळं असतं गं," म्हणत मी ते कपाटात टाकलं.

काल वॉर्डात चेणे गावच्या एका आजींची नाडी मोजायची होती. साठच्या खाली भरली तर त्यांची हृदयाची गोळी द्यायची नसते. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं, तेवढ्यात माझ्या मैत्रिणीची, मनालीची रील आली. ती बघत बसले आणि चार्टवर अंदाजानं बहात्तर लिहिलं.

आजी म्हणाल्या, "पोरी, तुझा हात हितं हाय, पन ध्यान न्हाय."

गोळी देण्याआधी वॉर्डच्या सिस्टर मॅडमनी स्वतः पूर्ण मिनिट मोजलं. अठ्ठेचाळीस! त्या ओरडल्या नाहीत. माझा आकडा खोडून त्यांनी मला शेजारी सही करायला लावली.

आणि ॲनाटॉमीचा पेपर कठीण होता, हेही मी तुला खोटंच सांगितलं होतं. आदल्या दिवशी सहा तास रील्स बघत होते.

काल संध्याकाळी केबिन रोडवरच्या दुकानात तुझ्या घड्याळात सेल टाकून घेतला. पुढची परीक्षा होईपर्यंत मोबाईल आईकडे दिलाय, त्यामुळे या पत्राचा फोटो काढून पाठवता येत नाही. पोस्टात टाकायची हिंमत अजून होत नाही.

आज सकाळी आजींचा हात धरला. काटा पूर्ण फिरेपर्यंत मी मान वर केली नाही. छप्पन्न.

गोळी आजही थांबली, आत्या. पण आज ती माझ्या आकड्यावर थांबली.

तुझं घड्याळ बांधलेली,
अनुष्का