कोपराची खूण

प्रिय छोटे,

तुझ्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं, असं आईकडून कळलं. बरं झालं. शिबिरातलं जेवण आवडत नाही, हेही कळलं. पण नको ते माझ्या ताटात सरकवायला मी तिथे नाही, तेव्हा मुकाट्याने खा. सकाळपासून हे पत्र लिहायला बसतेय. दोन ओळी झाल्या की उठते, मागच्या खोलीत जाऊन सायकलची चेन पुसते, पुन्हा येऊन बसते. आई म्हणाली, आता त्या चेनमध्ये बघूनच वेणी घाल.

पेपरातलं कात्रण तू पाहिलं असशीलच. ‘पडद्याआडची नायिका’! बातमी माझी, पण फोटो तुझा. त्यात कडेला माझा एक खांदा. आईने ते कपाटाच्या दारावर चिकटवलंय. येता-जाता दिसतं आणि माझं डोकं फिरतं. कुणाला पडद्याआडची नायिका म्हणायचं म्हणजे नक्की काय, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, त्याचा अर्थ एवढाच, की बाई, तुझं काम आम्हाला फार आवडलं, आता पडदा सोडून बाहेर येऊ नकोस.

ते काम मला आवडत नव्हतं असं मात्र समजू नकोस. आवडायचं, अगदी मनापासून. शर्यतीत पुढे राहून सगळा वारा आपण अंगावर घ्यायचा, म्हणजे मागच्या बहिणीचे पाय शेवटासाठी ताजे राहतात. मागे न बघता मला तुझं सगळं कळायचं. तुझा श्वास जड झाला की मी वेग किंचित उतरवायचे. तुझ्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, तुझं पंक्चर झालं तर माझं चाक काढून तुला द्यायचं. आणि शेवटचा चढ संपला की डावं कोपर जरासं बाहेर काढून बाजूला व्हायचं. ती आपली खूण. तू सुसाट निघून जायचीस आणि मी मागून घसा फुटेस्तोवर ओरडायचे. तुझ्या विजयांवर मी रडलेय ना, ते सगळं खरं होतं.

बातमीतल्या त्या रविवारच्या शर्यतीत तू नव्हतीस, तुझं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. कुणासाठी काही करायचं नव्हतं, म्हणून मी आपली मोकळेपणाने चालवत होते. चढ संपला तेव्हा माझ्यापुढे कुणीच नव्हतं. मागे थोड्या अंतरावर हिरव्या जर्सीतली कुणी मुलगी, आणि समोर शेवटची रेषा. लोक ओरडत होते, छोटे, माझ्यासाठी! आणि माझं डावं कोपर बाहेर आलं. मी बाजूला झाले, पाय थांबवले आणि तुझी वाट बघितली. ती हिरवी जर्सी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत निघून गेली.

लोकांना वाटलं, मी मोठ्या मनाने तिला जिंकू दिलं. तो बातमीदार तर डोळे पुसत आला. त्याला काय सांगणार, सवयीने हरले म्हणून? परवा क्लबच्या सरांनी बोलावून घेतलं. निवड समितीला माझं मन म्हणे फार भावलंय. देशाच्या संघात मला घेताहेत, निवडीची शर्यत न घेता, तुझी मदतनीस म्हणून. “तुझ्यासारखी दुसरी मिळायची नाही,” असं म्हणून त्यांनी पाठ थोपटली. आईला तर काय करू नि काय नको असं झालंय. दोघी बरोबर राहाल, एकमेकींना सांभाळाल, म्हणते. एकमेकींना! मी पुन्हा चेन पुसायला उठले.

मी सरांना नाही म्हणून आलेय. क्लबही सोडला. आईला अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाहीये. पुढच्या महिन्यातल्या निवडीच्या शर्यतीत मी एकटी उतरणार आहे, साध्या पांढऱ्या जर्सीत. मला जिंकायचंय, छोटे. एकदा तरी ती रेषा सगळ्यांत आधी बघायचीय, आणि ती तुझ्या आधी बघायचीय. हे फोनवर सांगणार होते, पण तिकडून तू ‘ताई’ म्हणालीस की मी लगेच बाजूला होते. म्हणून हे पत्र. शेवटच्या चढावर तू माझ्या मागे असशील आणि हे मेलं कोपर माझं ऐकणार नाही, ते बाहेर येईलच. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज मागते. ते दिसलं तरी तसंच निघून जाऊ नकोस. आधी माझ्यावर ओरड, घसा फुटेस्तोवर ओरड, म्हण, “ताई, थांबू नकोस, चालव!” आणि मग अंगात दम असेल तर जा माझ्या पुढे.

त्या एका दिवसापुरती सोडून तुझीच,
ताई