ही गौरी डोळे मिटत नाही

जोहे, ता. २२ ऑगस्ट १९९६

चि. कृष्णास जोह्याहून भावोजींचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? कंपनीत उभ्याचं काम असेल तर शिफ्ट बदलून घे, आणि गोळ्या डॉक्टरला विचारून घे (मेडिकलवाल्याला नव्हे). आम्ही इथे मजेत, मी तर जरा जास्तच.

रविवारी आपल्या मूर्तींच्या कारखान्यात मोठा कार्यक्रम झाला. मुंबईच्या नमिता मॅडम चित्रकार आहेत. त्यांचं म्हणणं असं, की बाईकडे लोक एखाद्या वस्तूकडे बघावं तसं बघतात. तर त्यांनी स्वतःच चौरंगावर मूर्ती होऊन बसायचं, दोन तास, न बोलता, आणि लोकांनी हवं तेवढं बघून घ्यायचं. साज गौरीचा, डोळे मिटलेले, आणि मिटलेल्या पापण्यांवर मी उघडे डोळे आखायचे. माझी शाळा सातवीपर्यंत, गुरू कोणी नाही, तरी अख्ख्या पेण तालुक्यातून त्यांनी मलाच शोधून काढलं (हे लिहायला मी लाजत नाही).

शनिवारी रंगीत तालीम केली. बुबुळं अशी उतरली की मीच दोन पावलं मागे सरलो. पण मुखवट्याचे डोळे आखून झाले की वरून वार्निशचा एक हात द्यायचा, हा माझा बावीस वर्षांचा नेम. हात थांबला नाही. मॅडमच्या पापण्या चिकटल्या. तुझ्या ताईने अर्धा तास खोबरेल चोळून त्या सोडवल्या, पण रविवारी सकाळी डोळे पुरीसारखे फुगलेले. मुंबईचे पंधरा पाहुणे एसटीतून उतरलेले, गाव जमलेलं आणि चौरंग रिकामा. बावीस वर्षांत कमावलेलं नाव एका सकाळीत जायची वेळ आली.

तेव्हा आजवर कोपऱ्यात बसून नुसते मुखवटे घासणारी तुझी ताई सगुणा पदराला हात पुसत उठली. म्हणाली, "मी बसते. पन डोळं मिटायची नाय. ती लोकं मला बगनार, तर मी पन त्यांना बगनार."

मॅडमनी तिला मिठीच मारली. साज चढला. मी फक्त काजळ घातलं (वार्निशचा डबा शेजारच्या काशीबाईने आधीच लपवला होता).

कृष्णा, काय बसली म्हणून सांगू. टिंगल करायला आलेली नाक्यावरची मंडळी समोर आली की ताई एकेकाकडे सरळ बघायची, आणि एकेक जण चपला काढून, मान खाली घालून पुढे सरकायचा. मागून त्यांच्यातल्याच येसूने शिट्टी मारली. तिने मान न हलवता नुसती बुबुळं फिरवली. येसू थेट हमरापूरच्या रस्त्याला लागला. मग काशीबाईने हळदकुंकू लावून तिची ओटी भरली आणि मागे बायकांची रांगच लागली. मॅडमनी असं काही ठरवलेलंच नव्हतं, पण त्या रडत हसत म्हणाल्या, की हे मला सुचलं नसतं. रांगेच्या शेवटी मी. बुबुळ आखताना मी तांदळाच्या दाण्याने माप घेतो. त्या नजरेचं माप कशाने घेणार? मी हात जोडले. टाळ्या अशा पडल्या की फळीवरचे मुखवटे थरथरले.

तुझा,
काळुराम

ता. क. खरं काम असं, की ताईला आठ दिवस तुझ्याकडे रोह्याला घेऊन जा. त्या दिवसापासून मी डोळे आखायला बसलो की ती समोर स्टूल टाकून बसते. नुसती बघते. काल तीन गौरी तिरळ्या झाल्या, आणि सण महिन्यावर आलाय.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. न्यायला येऊ नकोस. आज मीही मान वर करून तिच्याकडे बघत बघत आखलं. सहा मुखवटे झाले. व्यापाऱ्याने बाकीचे सगळे सोडून तेच सहा मागितले. यायचंच असेल तर जेवायला ये, आणि जाताना एकटाच जा.