एक्केचाळीसावं नाव

मंगळवार, १४ नोव्हेंबर
सकाळचे साडेसहा

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तू लेकीकडे गेल्यापासून तुझ्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालते. गुलाब तेवढा रुसलाय, बाकीच्यांनी चांगला जीव धरलाय. जावईबापू काल मुक्कामाला होते. माझ्या चहाला नावं ठेवायला तू नव्हतीस, म्हणून त्यांनी दोनदा मागून घेतला. आत्ता अंघोळीला गेलेत. आठच्या गाडीने निघून बाराच्या आत हे पत्र तुझ्या हातात देतील. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. तू आधी खुर्चीत नीट बस आणि मग पुढचं वाच.

एरवी फोनवर बोलतो आणि आज हे पत्राचं काय खूळ, असं म्हणशील. ताई, फोनवर तुझं "बोल गं चिमे" ऐकलं की माझी दातखीळ बसते. गेल्या पंधरा दिवसांत एक गोष्ट सांगायची म्हणून मी सात वेळा फोन लावला आणि सातही वेळा तुझ्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला.

लॅबमधली गोष्ट आहे. जरा मागून सुरू करते, म्हणजे मला पुढे जाता येईल.

रक्तातल्या पेशी मोजणारं आमचं मशीन तू पाहिलंयस. त्याला जोडलेला कॉम्प्युटर बारा वर्षांचा. गेल्या वर्षी त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात एक चौकट यायला लागली. ही सिस्टिम जुनी झाली, नवी फुकट मिळते आहे, वर्षअखेरीपर्यंत करून घ्या. नंतर फुकट अपग्रेड बंद, दुरुस्त्याही बंद. खाली दोन बटणं होती, 'आता करा' आणि 'नंतर आठवण करा'. मी रोज सकाळी मशीन सुरू केलं की 'नंतर' दाबायची आणि कामाला लागायची.

आमच्या डॉक्टर मॅडमनी ती चौकट एकदा पाहिली. म्हणाल्या, "कंपनीच्या इंजिनिअरला विचारा आणि तुम्हीच ठरवा. ते मशीन तुमच्याइतकं कुणाला कळतं?" इंजिनिअर म्हणाला, "बाई, अर्धा दिवस लॅब बंद ठेवा, मी येऊन करून देतो. मुदत टाळू नका. मग हा कॉम्प्युटर भरवशाचा राहणार नाही."

मी मॅडमना सांगितलं की कंपनी नको म्हणते.

का, ते फक्त तुला सांगते. जुना पडदा शिकायला मला सहा महिने लागले होते. रोज घरी येऊन तुझ्यापुढे रडायची. आता चोपन्न वर्षांची झाले. नवा पडदा आला, बटणं इकडची तिकडे गेली आणि मी सगळ्यांदेखत चाचपडायला लागले, तर मॅडम म्हणतील, बाई, आता पुरे. एवढीच भीती. मुदत संपली तशी ती चौकट यायची बंद झाली आणि मला हायसं वाटलं, ताई. देवाशपथ, हायसं वाटलं.

या उन्हाळ्यापासून कॉम्प्युटर मधूनच आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. मी वायर हलवायची, पंख्यावर फुंकर मारायची, वेळ मारून न्यायची. पंचवीस ऑक्टोबरला, बुधवारी, तो सकाळच्या गर्दीत तीनदा बंद पडला. रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायचे नंबर तोच छापतो. दर वेळी सुरू झाल्यावर त्याने पुन्हा एकपासून नंबर दिले आणि नावं मात्र जुन्या यादीतली उचलली. माझ्या ते लक्षात आलं नाही. बाहेर लोक खोळंबले होते. मी एक्केचाळीस रिपोर्ट काढले आणि एक्केचाळीस सह्या ठोकल्या.

त्यातला एक रिपोर्ट वाईट होता. पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात. मी स्लाइड भिंगाखाली धरून पाहिली. रक्त खरंच तसं होतं, त्यात शंकाच नव्हती. नाव आलं ते एका बसड्रायव्हरचं.

पुढच्या सोमवारी तो माणूस लॅबमध्ये आला. उंचापुरा, चाळिशीचा. आरडाओरडा करेल म्हणून मी काउंटरमागे उभी राहिले, तर तो समोरच्या बाकावर बसला आणि हळूच म्हणाला, "बाई, मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. मला काही झालेलं नाही."

"अहो, मग चांगलंच झालं की," मी म्हणाले.

"चार दिवस बस चालवली नाही मी. पोरींना जवळ घेतलं नाही, रडू येईल म्हणून. बायकोला कागद कुठे ठेवलेत ते दाखवलं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माझं नाही, तर ते रक्त कुणाचं आहे?"

ताई, मी धावत नळ्यांच्या फ्रिजकडे गेले.

नळ्या आम्ही तीन दिवसांनी टाकून देतो. त्या गेल्या होत्या. इंजिनिअर दोन दिवस कॉम्प्युटरपुढे बसला, पण कुठलं नाव कुठल्या नळीला चिकटलं ते त्यालाही उलगडेना. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना परत बोलवा. एकूण एक माणूस. पुन्हा रक्त घ्या, शेजारच्या हॉस्पिटलच्या मशीनवर तपासा." त्यांनी यादी छापून भिंतीला लावली. माणूस येऊन गेला की त्याच्या नावापुढे टिक करायची.

लोक येत गेले. शिंपी आला, त्याचं रक्त चांगलं. बँकेतली बाई आली, पोटुशी होती, ती चांगली. एक आजोबा तीन जिने चढून आले आणि मलाच पाणी विचारलं, कारण मीच थरथरत होते. तेही चांगले. ज्याचा निकाल चांगला येई तो हसून जाई आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून घेई. कारण ते वाईट रक्त कुणाचं तरी होतंच, आणि एकेक माणूस सुटला की उरलेली नावं कमी होत होती.

आता तुला कळलं असेल. तू हुशार आहेस, तुला मघाशीच कळलं असेल.

लेकीकडे जायच्या आधी तू लॅबमध्ये येऊन गेलीस तो तोच बुधवार. दोन महिने बारीक ताप, जिना चढताना धाप. मीच म्हटलं, चल, रक्त देऊन टाक. संध्याकाळी मीच तुला रिपोर्ट वाचून दाखवला. तू म्हणालीस, "चला, म्हणजे नुसतं म्हातारपण आहे," आणि बॅग भरायला घेतलीस.

यादीत तुझं नाव चौदावं होतं. पहिल्या दिवशीच मी त्याच्यापुढे टिक केली.

तू लांब आहेस, तुला उगाच कशाला घाबरवायचं, तोवर दुसऱ्या कुणाचं तरी निघेल, असं मनाला सांगत राहिले. दुसऱ्या कुणाचं तरी निघावं म्हणून वाट बघत होते, ताई. चाळीस लोकांच्या तोंडाकडे बघून मी हेच मागत होते. त्या पोटुशी बाईच्या वेळीही.

काल दुपारी शेवटचा माणूस आला, परगावी गेलेला एक मास्तर. त्याचंही रक्त चांगलं आलं. मॅडम यादीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "एक्केचाळीस टिका आहेत आणि निकाल चाळीस. हे चौदावं नाव, या तुमच्या भगिनी ना? यांचा निकाल कुठे आहे?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"त्या येऊन गेल्या ना?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या खुर्चीत बसल्या. मग मी सगळं सांगितलं, इंजिनिअरच्या नावावर खपवलेलं खोटंसुद्धा. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्ता फोन करा." मी रिसीव्हर उचलला आणि मला नंबरच आठवेना. तुझा नंबर, ताई! शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी चारपर्यंत त्यांचं रक्त गेलेलं नसेल, तर मी स्वतः फोन करेन. तुम्ही लॅबला येऊ नका, पुढचं मग बघू."

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. लेकीच्या घरापासून जवळच त्यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, पत्ता त्यावरच लिहिलाय. आजच जा. जेवण, पूजा, काही मध्ये आणू नकोस. जावईबापूंना आणि लेकीला सांग आणि त्यांना बरोबर घेऊन जा. अजूनही काही निघणार नाही असं म्हणायला मला फार आवडेल, पण मी आता तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

बाथरूमचं दार वाजलं, जावईबापू बाहेर आले. डोळे पुसून चहा टाकायला हवा.

तू पत्र वाचून फाडून टाकलंस तरी चालेल, फक्त आधी रक्त दे.

तुझी,
जिला तू चिमी म्हणायचीस ती


गुरुवार, २३ नोव्हेंबर

चिमे,

म्हणायचीस काय? अजून म्हणते आहे.

रोज फोन करून जावयाकडे माझी चौकशी करतेस आणि मी यायच्या आत ठेवतेस. म्हणून आता मीही लिहिते.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाचलं. दोन वाजता रक्त दिलं, पाचला फोन आला. ते रक्त माझंच होतं. त्यानंतर कमरेत सुई घालून हाडातलं काहीतरी काढलं. ते कसं दुखतं ते इथे लिहीत नाही. रक्ताचा कर्करोग आहे. पण त्यातल्या त्यात बरा, म्हणजे गोळ्यांनी आवरून धरता येईल असा. गोळ्या सोमवारपासून सुरू केल्या. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन महिने असेच गेले असते तर त्यांना काही सांगता आलं नसतं. बरी होणारच असंही ते म्हणत नाहीत. "बघू या," म्हणतात. या दोन शब्दांचा मला हल्ली फार राग येतो.

लेक तुझं नाव काढू देत नाही. जावई म्हणतात, मावशींनी निदान सांगितलं तरी. त्यांच्यात त्यावरून खटके उडतात आणि मी मध्ये बसून टीव्ही बघते.

मीही रागावले आहे. कॉम्प्युटरवरून नाही. माणूस नव्या गोष्टीला भितो, मी अजून लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. राग आहे तो त्या खोट्या टिकेवरून. पंधरा दिवस, चिमे. ते मी विसरेन असं तुला वाटू देणार नाही.

आता माझंही एक ऐक. इथे आल्यावर चौथ्या दिवशी माझ्या दंडावर आणि मांडीवर काळेनिळे डाग उठले. कुठे आपटले नव्हते. ताप होताच. कपडे सैल व्हायला लागले. लेकीने विचारलं, आई, डॉक्टरकडे जाऊ या का? मी म्हणाले, काही नको, तुझ्या मावशीने स्वतः तपासलंय. लांब बाह्यांचे ब्लाउज घातले आणि गप्प राहिले. मला आतून कळत होतं गं. पण तुझी सही होती त्या कागदावर. माझ्या धाकट्या बहिणीने केलेलं काम चुकीचं आहे, हे माझ्या तोंडून निघायला नको होतं. म्हणजे तू मला सांगितलं नाहीस आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

मला भीती वाटते, चिमे. लेकीपुढे दाखवत नाही, तिला रात्रंदिवस माझ्याकडे बघत बसावं लागेल. गोळी घेतली की पोटात ढवळतं आणि वाटतं, हे औषधाचं की आजाराचं? कुणाला विचारू? इथे सगळे मला धीर देतात. मला धीर नकोय. आकडे वाचून खरं काय ते सांगणारं माणूस हवंय.

मॅडमनी तुला कामावरून काढलं असेल तर आजच निघ. काढलं नसेल तर रजा टाक आणि निघ. दर गुरुवारी माझं रक्त तपासायचं आहे. रिपोर्ट आला की तू माझ्याशेजारी बसायचंस आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचंस. वाईट असेल तेही. आवाज कापला तरी थांबायचं नाहीस.

लेकीचं मी बघते. दार मीच उघडेन.

वाट बघते आहे. घाबरलेली,
तुझी ताई