उसवलेली बाही

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

आईचा ब्लाउज उसवला मी. तिला न विचारता.

सत्तरच्या दशकातले कपडे शिवून घालायचं मला वेड, पण फुग्याची बाही कधी जमायची नाही. चुण्या एकाच बाजूला गोळा व्हायच्या. आईनं लग्नाआधी स्वतः शिवलेला ब्लाउज ट्रंकेत होता. वाटलं, एक बाही उसवून कागदावर उतरवून घ्यावी, मग परत जोडावी. माझा नवा ब्लाउज झकास झाला. आज भिंगारला चर्चमध्ये घालून गेले, तर बायकांनी चुण्यांना हात लावून पाहिलं.

घरी आले तर आई म्हणाली, "माझाबी काढ गं तो. नाताळाला घालते." इतक्या वर्षांत कधी मागितला नव्हता. आजच का?

दुपारपासून जोडतेय. कापड इतकं विरलंय की सुई घातली की जुन्या टाक्यांवरूनच फाटतं. चुण्या तर धरतच नाहीत.

शेवटी तिला सांगून टाकलं. रागावली असती तर बरं झालं असतं. लहानपणी माझी शिवण वाकडी गेली की म्हणायची, तेच म्हणाली. "मग काय झालं? परत शिव."

आणि शाल काढून, नव्या बाहीच्या मापासाठी हात पुढे करून बसलीय. अजून तशीच.