बाबांचा अडकलेला हात

अलाबामा, घरून
११ एप्रिल

प्रिय थॅड,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. भेंडी पेरून झाली, बाबांचा खोकला कमी आहे. तुला बक्षीस मिळाल्याचं पेपरात वाचलं. आनंद झाला. खरंच झाला, तोंड वाकडं करू नकोस.

रविवारी रेडिओवर तुझी नवी रचना लागली. बाबांनी खुर्ची अगदी जवळ ओढली. आधी तुझी मुलाखत होती. पॅरिसच्या बाईंनी काय शिकवलं, जावा बेटावरच्या घंटांनी कसं वेड लावलं, सगळं सांगितलंस. घरी कोणी गाणारं होतं का, असं विचारलं तर म्हणालास, "नाही. आमच्या घरात संगीत नव्हतं."

बरं. मग दर मे महिन्यात चर्चमध्ये चारी बाजूंनी बाकं मांडून आपण दिवसभर काय करायचो रे? शेंगा सोलायचो?

तरी मी भांडी घासत राहिले. पण तुझ्या रचनेच्या तिसऱ्या ओळीत सगळी व्हायोलिनं एकदम एकाच सुरावर थबकली, आणि माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. चर्चमध्ये सगळे गात असताना बाबा बाकांच्या मधोमध उभे राहून हाताने ताल द्यायचे. लाकूड कापायच्या गिरणीत खांदा मोडल्यापासून तिसऱ्या ओळीला तो हात उंच गेला की अडकायचा, आणि खाली येईपर्यंत आख्खं चर्च सूर धरून थांबायचं. परगावचे लोक तिथे हमखास चुकतात. आपण अजूनही थांबतो, ताल दुसरं कोणी देत असलं तरी. आणि निवेदक म्हणतो, हे थबकणं पॅरिसची देणगी!

गेल्या मे महिन्यात आलास तेव्हा मागच्या बाकावर फोन छातीशी धरून बसला होतास. मेल बघतोय म्हणालास. मेल बघणारा माणूस फोन उलटा, बाबांकडे रोखून धरतो का? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तू बाबांना भेटायला आला होतास की त्यांचा हात न्यायला, हे मला अजून कळलेलं नाही.

रेडिओ बंद करून बाबा एवढंच म्हणाले, "तो माझाच हात होता ना गं?"

मी म्हटलं, थॅडलाच विचारते. तर त्यांनी माझं मनगट धरलं. "नको विचारूस. नाही म्हणाला तर?"

म्हणून मी विचारत नाही. या मे महिन्यात ते शेवटच्या वेळी ताल द्यायला उभे राहणार आहेत. फोन गाडीत ठेवून ये. अगदी त्यांच्यासमोर बस, आणि आम्ही थांबू तेव्हा मान खाली घालू नकोस, त्यांच्याकडे बघ. त्यांना कळेल.

तुझ्यावर विश्वास न बसलेली, तरी पहिल्या बाकावर तुझी जागा धरून ठेवणारी तुझी बहीण,
ऑर्लीन