चौथ्या लाइनची यादी

प्रिय माथुसो,

तुमच्याकडे डोंगरात बर्फ पडला असेल. इथे मासेरूत नुसतीच बोचरी थंडी आहे आणि माझे गुडघे आता शिलाई मशीनपेक्षा जास्त कुरकुरतात. थुसो तिसरीत गेला ना? परवा कारखान्याच्या फाटकापाशी युनियनची सभा झाली. बाळंतपणाच्या रजेसाठी म्हणे देशभराचा एक सामाईक निधी काढायचं घाटतंय. सगळ्या मालकांनी थोडं घालायचं, आपण सगळ्यांनी पगारातून चिमूटभर, आणि रजेचा पगार त्यातून मिळायचा. म्हातारी मामोत्सामाई लगेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली, "अगं बाई, माझं दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, मी कशाला भरू?" बायका हसून हसून लोळल्या. युनियनची मुलगी हुशार. म्हणाली, "मावशी, एकट्या मालकाच्या खिशातून पैसे जाणार असतील, तर तो तरण्या बाईला कामावर ठेवेलच कशाला? जगभराच्या कामगार करारातही हेच आहे, हा भार एकट्या मालकावर टाकू नका." सगळ्यांनी हात वर केले. माझा काही वर जाईना.

मला आपला तो जूनमधला हिवाळा आठवत होता. करार सहा-सहा महिन्यांचे आणि रजेचा पगार कारखान्याने द्यायचा, म्हणून नवे करार करायच्या आधी साहेब एकेका लाइनच्या मुकादमिणीला बोलावून कोण पोटुशी आहे ते काढून घ्यायचे. चौथ्या लाइनची मुकादमीण मी. तुला पाचवा लागला होता. तुझ्या डगल्याची शिवण मीच जेवणाच्या सुट्टीत उसवून सैल करून दिली होती. वरून घोंगडी पांघरून तू जीन्सला चेन लावत बसायचीस आणि म्हणायचीस, "एकदा करार हातात पडू दे, मग पोट दिसलं तर दिसू दे." नव्या करारांची यादी लागली, तीत तुझं नाव नव्हतं.

फाटकाबाहेर तू ढसाढसा रडलीस. "मोलेबोहेंगनेच चुगली केली! तिकडे पॅकिंगमध्ये बसून दुसरं करते काय ती?" तुझी सख्खी नणंद. कारखान्यात तिच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. मी तुझे डोळे पुसले आणि म्हणाले, "तिची जीभ पहिल्यापासूनच लांब." हे मी म्हणाले, माथुसो. तेव्हापासून आठ वर्षं तू तिला उंबरा ओलांडू दिला नाहीस.

गेल्या रविवारी ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, "ताई, वहिनी तुझं ऐकते. तिला सांग, मी एक अक्षरही बोलले नव्हते. थुसोला मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही गं." मी तिला चहा दिला आणि 'सांगेन' म्हणाले. आता सांगते. साहेब पडले परदेशी. यादीत तुझं नाव वाचून म्हणाले, "माथुसो, म्हणजे थुसोची आई. हिला एक मूल आहेच, इतक्यात दुसरं नाही होणार." तुझ्या नावावर होकाराची खूण करायला त्यांनी पेन टेकवलंही होतं. मी नुसती गप्प बसले असते तरी झालं असतं. मी म्हणाले, "नाही साहेब, आमच्यात लग्नाच्या दिवशीच सुनेला होणाऱ्या मुलाच्या नावाने हाक मारतात. थुसो अजून जन्मायचाय." त्यांनी विचारलं, "कधी?" मी म्हणाले, "ऑक्टोबर." जीभ घसरली, असं मी आठ वर्षं स्वतःला समजावत आले. ते खोटं आहे. तू रजेवर गेली असतीस तर तुझ्या वाटच्या पँटी माझ्याच लाइनला भरून द्याव्या लागल्या असत्या, आणि मला माझी मुकादमी सांभाळायची होती. मला माफ करू नकोस, त्यासाठी लिहीत नाहीये. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. मोलेबोहेंगच्या हाती देतेय, पाकीट न चिकटवता. वाटेत तिने वाचलं तर वाचू दे. तू हे वाचत असताना ती तुझ्या दारात थंडीत उभी असेल. तिला आत घे.

तुझीच, अजून म्हणू देणार असशील तर,
सेबाबात्सो